घरच्याला एक कॉलम जास्त

शहर पानाच्या प्रमुखांना ऑफिसात सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे पूर्ण. बातमीदाराने चाळीस ओळी आणून दिल्या की बाई त्यांच्या बावीस करत आणि वर विचारत, “आता सांगा, यात काय कमी पडलं?” सव्वीस वर्षांत या प्रश्नाचं धड उत्तर कुणालाही देता आलं नव्हतं.

कापायची त्यांची पद्धत ठरलेली, खालून. बातमीत महत्त्वाचं ते वर आणि बिनमहत्त्वाचं ते खाली, हे या धंद्यात शिरणारा पहिल्याच आठवड्यात शिकतो. म्हणून जागा कमी पडली की शेपूट छाटायचं. शेपूट वाचत बसलं तर पान वेळेवर जात नाही.

त्या बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला चिकट आला. चिकट म्हणजे सरकारी खाती फिरणारा त्यांचा जुना बातमीदार. पन्नाशीला आलेला, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. कुठल्याही कचेरीत तो टेबलापुढे असा ठाण मांडून बसे, की कारकून केवळ तो उठावा म्हणून माहिती देऊन टाकत.

“बाई, कासव पळालं.”

“कुठलं?”

“प्राणिसंग्रहालयातलं. थोरलं. साठ किलोचं.”

“कासव पळेल कसं?”

“मग चाललं म्हणा. पण चार दिवस चाललं आणि कुणाला पत्ता नाही. पाचव्या दिवशी शाळेच्या सहलीतली एक मुलगी विचारायला लागली, कासव कुठंय? तेव्हा यांचे डोळे उघडले. आणि गंमत ऐका, रोजच्या पाहणीच्या वहीत चारही दिवस लिहिलंय ‘कासव ठीक’. खाली अधीक्षकांची सही.”

बाई हसल्या. बातमी लहान, पण खणखणीत होती. चौथ्या पानावर एक कॉलम, आठ ओळी. त्यांनी वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत अधीक्षकांचं नाव आलं. बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली.

ते नाव त्यांच्या घरात गेले सहा महिने दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर निघत होतं. कारण अधीक्षकांच्या मुलाशी बाईंच्या मुलीचं जमलं होतं. येत्या रविवारी ती मंडळी पहिल्यांदाच घरी येणार होती आणि काय ते पक्कं त्याच दिवशी व्हायचं होतं. ऑफिसात यातलं अवाक्षर कुणाला ठाऊक नव्हतं. बातमी पक्की होईपर्यंत बाहेर फुटू द्यायची नाही, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं.

आता या दैनिकात एक नियम होता. पूर्वी थोरले साहेब संपादक असताना जाहिरात खात्यातल्या एकाच्या भाच्याने गाडी दुकानात घातली. ती बातमी सगळ्या पेपरांत आली, यांच्याच पेपरात आली नाही. दुसऱ्या दिवशी गावभर हसं झालं. थोरल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला आणि बैठकीच्या खोलीत चौकट करून लावला: ‘आपल्या माणसाची वाईट बातमी दाबायची नाही. उलट लायकीपेक्षा एक कॉलम जास्त द्यायची.’

थोरले साहेब निवृत्त होऊन जमाना झाला, चौकट मात्र जागची हलली नाही. तिचा धाकही तसाच होता. एका उपसंपादकाचा चुलत भाऊ ओळख विचारली तर ‘नात्यात नाही’ म्हणून सांगे. छपाई खात्यातल्या एकाच्या सासऱ्यांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी लाल सिग्नलला थांबायला सुरुवात केली.

बाई हिशेबाला बसल्या. गप्प राहिलं तर एक कॉलम, पान चार. खरं सांगितलं तर दोन कॉलम, पान तीन. एवढ्यात फोन वाजला. मुलगी होती.

“आई, कासवाचं कळलं का तुला?”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यानेच. काका सकाळपासून जेवले नाहीयेत. आई, एवढंच सांग, बातमी येणार की नाही?”

“ऑफिसातलं मी घरी सांगत नाही.”

“घरातलं ऑफिसात गेलंय, त्याचं काय? त्यांच्याकडे तुझाच पेपर येतो. काकू जाहिरातींसकट वाचतात.” मग आवाज जरा खाली आला. “तू आधी माझी आई की आधी पेपरची?”

“पेपरची सव्वीस वर्षं, तुझी चोवीस,” बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यांनी बातमी पुढे ओढली. अधीक्षकांचं नाव काढता येत नव्हतं. ‘कासव ठीक’ काढलं असतं तर बातमीच उरत नव्हती. मग हात सवयीने खाली गेला आणि आठातल्या शेवटच्या चार ओळी उडाल्या. न वाचता. बाईंची नजर सारा वेळ तिसऱ्या ओळीतल्या त्या नावावर होती. चार ओळींची बातमी कोण बघतंय, असं म्हणून त्यांनी ती संध्याकाळच्या यादीत अकराव्या नंबरला टाकली.

अकरावा नंबर उगाच नव्हता. पहिल्या पानावर काय घ्यायचं हे ठरवायची बैठक रोज चारला सुरू होई आणि चार वीसला चहा येई. चहा येईपर्यंत मोठे साहेब, म्हणजे आताचे संपादक, प्रत्येक बातमीची साल काढत, चहा आल्यावर बिस्किटाची. नवव्या नंबरापुढचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बाईंनी नको असलेल्या कितीतरी बातम्या त्या बिस्किटांबरोबर सुखरूप पलीकडे नेल्या होत्या.

पण त्या दिवशी चहाचं मशीन बिघडलं.

टेबलाभोवती नेहमीची मंडळी होती. मधोमध मोठे साहेब. उजवीकडे राज्य पानाचे प्रमुख, त्यांचं नाव भूकंप, कारण त्यांच्या लेखी रोज कुठे ना कुठे तो होतच असे. त्यांच्या शेजारी खेळाचे पंच. कोपऱ्यात फूटपट्टी घेऊन सुतार. हे पानं मांडत. कुठल्या बातमीला किती रुंदी द्यायची यावर चार विद्वान तासभर भांडत आणि शेवटी सुतार सांगत, “बसत नाही.”

भूकंपांनी सुरुवात केली. “महसूलमंत्री राजीनामा देणार. पाच कॉलम पाहिजेत.”

“दिला का?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“देणार आहेत.”

“कधीपासून?”

“गेल्या वर्षापासून. पण आता अगदी देतीलच.”

अशी यादी सरकत गेली. बाईंची पाळी आली. साडेचार वाजले, चहा नाही. बाईंनी दहावा आणि बारावा नंबर यांच्या मध्ये अकरावा एका श्वासात दडपला. “दहा, पुलाखालचे खड्डे, अकरा, प्राणिसंग्रहालयातून कासव बेपत्ता, चार ओळी, बारा, खड्ड्यांवर महापौर म्हणतात की—”

“थांबा,” मोठे साहेब म्हणाले. “काय बेपत्ता?”

सगळं सांगावं लागलं. ‘कासव ठीक’ पाशी पंच टेबलावर हात आपटून हसायला लागले. मोठ्या साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले.

“बाई, हे रत्न तुम्ही अकराव्या नंबरला ठेवता? पहिल्या पानाच्या तळाला घ्या. तीन कॉलम, चित्रासकट.”

“साहेब, तसं काही विशेष नाही त्यात,” बाई म्हणाल्या. “कासवच ते.”

“विशेष नाही?” पंच म्हणाले. “आमचा गोलकीपर चार मिनिटं गायब झाला तर लोक मैदानात उतरतील. हे चार दिवस!”

“आणि माझे मंत्री?” भूकंपांनी विचारलं.

“तुमचे मंत्री जाणार आहेत,” मोठे साहेब म्हणाले. “कासव गेलंय.” मग त्यांनी चौकटीकडे मान वळवून प्रत्येक वाईट बातमीनंतर विचारायचा तो प्रश्न विचारला. “कुणाचं कोण?”

“कुणाचं नाही,” सगळे शाळेतल्यासारखे एका सुरात म्हणाले. बाईंचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. आवाज निघाला नाही म्हणजे खोटं बोललो नाही, अशी त्यांनी मनातल्या मनात नोंद केली.

तेवढ्यात दार उघडून चिकट आत आला. हातात दोन कागद, एक मूळचा, एक कापलेला.

“बाई, माझ्या शेवटच्या चार ओळी कुठं गेल्या?”

“जागा नव्हती.”

“अहो, खरा माल तोच होता! लोकांनी शेवटपर्यंत वाचावं म्हणून मुद्दाम खाली ठेवला होता.”

“शेवटपर्यंत कोण वाचतं?”

“कापणाऱ्याने तरी वाचावं!”

“बघू, काय माल आहे,” मोठे साहेब खुशीत म्हणाले. “वाचा.”

चिकटने वाचलं. “‘विशेष म्हणजे, याच चार दिवसांत सोमवारी प्राणिमित्र पाहणी समितीच्या अध्यक्षांनीही भेट दिली आणि सर्व प्राणी प्रत्यक्ष पाहिले, कासव विशेष आनंदी दिसले, असा शेरा वहीत मारला.’”

कुणी हसलं नाही. पंचांनी छताकडे पाहिलं, सुतारांनी फूटपट्टीकडे. प्राणिमित्र पाहणी समितीच्या अध्यक्ष कोण, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. दर वर्षी साहेबांच्या घरून त्या सगळ्यांना माकडाचं चित्र असलेलं कॅलेंडर पाठवत.

“कुणाचं कोण,” मोठे साहेब हळूच म्हणाले. या वेळी तो प्रश्न नव्हता. “माझी बायको.”

सुतारांनी कागदावर तीनाचे चार केले.

भूकंप खुर्चीत सावकाश वळले. पाच कॉलम गेल्याचा राग त्यांच्या पोटात होताच. “वा बाई! सव्वीस वर्षं कुणापुढे न वाकलेली कात्री बरोबर साहेबांच्या दारात जाऊन वाकली म्हणायची. आम्हालाही शिकवा हो कसं करतात ते. आमची बढती चार वर्षं अडकलीय.”

“मी वाचल्याच नव्हत्या त्या ओळी!”

“तुम्ही? न वाचता कापलंत?” पंच म्हणाले. “हे वाईट की ते वाईट, ठरवा आधी.”

 मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. बाईंनी आपली भीड राखली, या कल्पनेने त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं आणि थोडं बरंही वाटलं होतं. ते थोडं बरं वाटलेलं बाईंना दिसलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात सगळं ऐकून घेतलं असतं, पण चमचेगिरी!

“साहेबांच्या बायकोसाठी मी कशाला कापू?” त्या ताडकन म्हणाल्या. “मी माझ्या व्याह्यांसाठी कापत होते!”

आता मात्र चहा आला असता तरी कुणी हात लावला नसता.

“कोण व्याही?”

“अधीक्षक.”

“तुमच्या मुलीचं लग्न झालं?” चिकट दुखावून म्हणाला. “आम्हाला बोलावलं नाहीत?”

“झालं नाही हो. व्हायचंय. म्हणजे रविवारी ठरायचंय.”

सुतारांनी पेन्सिल उचलली आणि तशीच हवेत धरली. “मग कॉलम द्यायचा की नाही?”

यावर त्या खोलीत वीस मिनिटं चर्चा झाली. मंत्र्यांच्या राजीनाम्यावर सहा झाली होती. भूकंपांचं म्हणणं, होणारा नातेवाईक हा नातेवाईक नव्हे. तसं असतं तर होणारा राजीनामाही राजीनामा झाला असता, आणि तो साहेबांनी आत्ताच नाकारला. पंचांनी तडजोड सुचवली, अर्धा कॉलम द्या. सुतार म्हणाले, “बसत नाही.” चिकटला वेगळीच काळजी. समजा कॉलम दिला, आणि बातमी वाचून तिकडची मंडळी फिरली, लग्न मोडलं, तर? मग अधीक्षक परका माणूस ठरणार आणि परक्या माणसाला आपण एक कॉलम फुकट बदनाम केलं असं होणार. दुरुस्ती छापावी लागेल.

“काय छापणार?” मोठे साहेब वैतागून म्हणाले. “‘काल पाच कॉलम दिले ते चार वाचावेत’? बाई, हे बाकी कुणाला ठरवता येणार नाही. तुम्हीच सांगा. आज, या घडीला, ते तुमचे कुणी लागतात की नाही?”

सगळे बाईंकडे बघायला लागले.

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. खोटंही नव्हतं. बातमी तशीही येणारच, पण निदान ‘मी एक कॉलम वाचवला’ असं मुलीला सांगता आलं असतं. बाईंनी तोंड उघडलं. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तो माणूस आला, ज्याला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं, सकाळपासून न जेवलेला. सगळं गोड चाललं होतं तेव्हा घरी त्याला रोज ‘व्याही’ म्हणत होतो. आज त्याच्यावर वाईट वेळ आली आणि आपण पाच जणांसमोर ‘कुणी नाही’ म्हणायचं? रविवारी मग कोणत्या तोंडाने दार उघडायचं?

“लागतात,” बाई म्हणाल्या. “धरा एक.”

“पाच,” सुतारांनी लिहिलं आणि फूटपट्टी लावली. “साहेब, पाच कॉलम तळाला ठेवले तर पान उपडं दिसेल. वर घ्यावं लागेल. मंत्र्यांना तीन उरतात.”

भूकंपांनी डोक्याला हात लावला.

“अधीक्षकांचं म्हणणं घेतलंत?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“संपर्क होऊ शकला नाही,” चिकट म्हणाला. “म्हणजे फोन उचलत नाहीत.”

“बाईंचा उचलतील. तुम्ही शेजारी बसून लिहून घ्या.” साहेब उठले. “मी तोवर घरी फोन करतो. अध्यक्षांचं म्हणणं मला घ्यावं लागणार.” सव्वीस वर्षांत बाईंनी त्यांना एवढ्या सावकाश दाराकडे जाताना पाहिलं नव्हतं.

अधीक्षकांनी दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. “नमस्कार ताई! रविवारी पाचला पोचतोय आम्ही.”

“आधी सांगते, मी ऑफिसातून बोलतेय आणि बातमीदार ऐकतोय.”

“कासवाचं का?”

“हो. चार दिवस तुम्ही ते पाहिलं नव्हतंत?”

“काय सांगू ताई. एकोणीस वर्षं त्या वहीवर सही करतोय. वाघ आहे की नाही हे मी रोज बघतो. वाघ नसला तर पळावं लागतं. कासव एकोणीस वर्षं तिथंच होतं हो. त्याच्याकडे रोज बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं.”

चिकट इतक्या आनंदाने लिहीत होता की चष्मा टेबलावर पडला.

“हे छापणार?”

“तुमच्याच शब्दांत.”

“किती येईल?”

“पाच कॉलम. पहिल्या पानावर.”

“आणि त्या राजीनामावाल्या मंत्र्यांना?”

“तीन.”

  मंत्र्यांपेक्षा दोन कॉलम जास्त, हे तो माणूस मनात कुठे ठेवावं ते शोधत असावा. मग एकदम घाबरून, “आता हिला काय सांगू?”

“पेपर लपवू नका, एवढंच,” बाई म्हणाल्या.

घरी मुलीला त्यांनी चप्पल काढता काढताच सांगितलं. मुलगी काही बोलली नाही. गुरुवारी पेपर आला. गुरुवारी बोलली नाही, शुक्रवारीही नाही. मुलाचे फोन येत, ते ती गॅलरीत जाऊन घेई आणि परत आली की चेहऱ्यावरून काही कळत नसे. एवढी घट्ट तोंडाची मुलगी आपण वाढवली याचं बाईंना आजवर कौतुक होतं. शनिवारी कासव सापडलं. पाण्याच्या टाकीमागे, कुंपणापासून साठ पावलांवर. बातमी रविवारी चौथ्या पानावर गेली.

रविवारी पाच वाजले. बाईंच्या यजमानांनी खुर्च्या तिसऱ्यांदा सरळ केल्या. सव्वापाच झाले. मुलगी खिडकीत. पाच वीसला बेल वाजली आणि बाईंनी दार उघडलं.

पुढे विहीणबाई होत्या. ठेंगण्या, ताठ, काखेत घडी केलेलं गुरुवारचं वर्तमानपत्र. मागे मुलगा, आणि त्याच्याही मागे अधीक्षक.

विहीणबाई आत आल्या, बसल्या आणि पेपर टेबलावर उलगडला. पहिल्या पानावर साठ किलोचं कासव आणि शेजारी त्यांचे यजमान.

“हे तुम्ही छापलंत?”

“हो,” बाई म्हणाल्या. 

“स्वतः?”

“स्वतः.”

“तीस वर्षं,” विहीणबाई म्हणाल्या, “तीस वर्षं मी सांगतेय की हा माणूस न बघता सही करतो. शाळेच्या फॉर्मवर मुलाची जन्मतारीख चुकवली, न बघता. भिंतीला नको तो रंग आणला, न बघता. सासूबाई म्हणायच्या, तुलाच फार दिसतं. नणंदा म्हणायच्या, दादा हुशार आहे. गुरुवारपासून सगळ्यांचे फोन येताहेत. नणंदेने तर माफी मागितली माझी.” त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. “पाच कॉलम, विहीणबाई! एवढं माझी सख्खी बहीणही कधी माझ्या बाजूने बोलली नव्हती.”

मुलीने खिडकीत तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडते की हसते ते कळायला बाईंना एक क्षण लागला.

अधीक्षक इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होते. आता त्यांना धीर आला. “माझी एक तक्रार आहे,” ते म्हणाले. “हरवलं तेव्हा पाच कॉलम. सापडलं तेव्हा एक? आणि तेही चौथ्या पानावर?”

“जिथं असायचं तिथं असणं, याला आमच्याकडे बातमी म्हणत नाहीत,” बाई म्हणाल्या.

“ऐका,” विहीणबाई म्हणाल्या. “चला, आता तारीख ठरवू. पुढच्या महिन्याच्या विसाला काय हरकत आहे? सुट्टीच आहे.”

“काही हरकत नाही,” अधीक्षक सवयीने म्हणाले.

खोलीतले सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. त्यांनी खिसा चाचपला, चष्मा काढला, तो रुमालाने दोन्ही बाजूंनी पुसला, डोळ्यांवर चढवला आणि उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. एका हाताने पान धरून, दुसऱ्या हाताचं बोट वारांवरून एकेक घर सरकवत, ते मोठ्याने वाचू लागले. एक, सोमवार. दोन, मंगळवार. चहा निवत होता, पण त्यांना घाई करायची कुणाची हिंमत झाली नाही.